नमुन्याच्या वर्गातलं ऊन

महबूला, कुवेत
१३ ऑक्टोबर २०२४

ती. स्व. सुमनआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र लिहून त्याचा फोटो पाठवायचा हे आपलं ठरल्यापासून माझं अक्षर सुधारलंय, पाहा. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही. मागच्या वेळी ओरडले तर शेजारच्या मल्याळी काकूंनी दार वाजवून विचारलं, की घरी कोण आजारी आहे. तुझा जावई ओंकार बरा आहे. शुऐबा भागातल्या त्याच्या कारखान्यात दुरुस्तीचा शटडाउन चालू असल्याने फक्त जेवायला घरी येतो आणि भाजी कुठली होती हेही त्याला सांगता येत नाही.

मी नेमकं काय करते असं तू विचारलंस. तुझंच काम करते, फक्त दोरी आणि कापडाशिवाय. तू तीस वर्षं खिडक्यांना पडदे आणि पट्ट्यांचे ब्लाइंड लावलेस. मी ती खिडकी संगणकात बांधते. दुहेरी काच, तिच्या आत ब्लाइंडच्या पट्ट्या. मग त्यावर लाखो किरण सोडायचे. कुठला काचेतच अडतो, कुठला पट्टीवर आपटून छताकडे उडतो, कुठला विखरून बाकावर उतरतो, याचा हिशेब संगणक करतो. सध्या एका शाळेचं काम आहे. तिसऱ्या मजल्यावर नमुन्याचा एक वर्ग पूर्ण बांधलाय. तिथे रोज दहा, बारा आणि दोन वाजता बाकांवरचा उजेड मोजतात. माझे आकडे आणि तिथले आकडे जुळले, की सगळ्या शाळेला तेच ब्लाइंड लागणार.

ते जुळत नाहीत, आत्या. खिडकीजवळच्या बाकावर माझा आकडा हजाराच्या आत येतो, तिथला चार हजारांच्या वर. पाच आठवडे हेच चाललंय. मी माझी फाइल तीनदा तपासली. मोजतात ते हारूनभाई, रत्नागिरीकडचे, बावीस वर्षं इथे. माणूस शांत, वेळेचा पक्का. पण परवा मी त्यांना साकिबबरोबर चहा पिताना पाहिलं. हा साकिब गुंडाळी पडदे विकणाऱ्या कंपनीत आहे. आमचे ब्लाइंड नापास झाले तर काम त्याच्या कंपनीला जाईल. ओंकार म्हणतो, चहा प्यायला काय झालं. ओंकारला सगळं जग चांगलंच दिसतं. मला मात्र झोप लागत नाही.

उत्तर लवकर लिही. औषधं वेळेवर घे आणि माझ्यावरची माया आहे तेवढी राहू दे.

तुझी,
शलाका

*

नाशिक
१६ ऑक्टोबर २०२४

चि. शलाका हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र भिंग घेऊन दोनदा वाचलं. अक्षर सुधारलंय हे तुझं मत आहे.

माझ्या मते तू भोळी आहेस आणि हे तू तुझ्या बापाकडून घेतलंस. मोजमाप ज्याच्या हातात, त्याच्या हातात सगळं काम. आमच्या धंद्यात मापात दोन बोटं इकडे-तिकडे केली, की गिऱ्हाईक आपोआप दुसऱ्या दुकानात जायचं. कोणी शिव्याही देत नसे. संगणकाला कोणाबरोबर चहा प्यायचा नसतो, म्हणून त्याचे आकडे खरे असणार. तो हारून रोज तेच सांगतो आणि रोज चौपट सांगतो, हे मला मुळीच पटत नाही. शांत माणसाचा तर मला आधी संशय येतो.

तोंडी बोलू नकोस. साहेबाला लेखी दे. उद्या ब्लाइंड नापास झाले, तर सगळे तुझ्याच हिशेबाकडे बोट दाखवतील. परक्या देशात आहेस, स्वतःला सांभाळ.

बाकी क्षेम. गुडघा माझ्याशी बोलत नाही, मीही त्याच्याशी बोलत नाही. कळावे, जेवत जा.

तुझी आत्या,
सुमन

*

महबूला
२४ ऑक्टोबर २०२४

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं. रविवारी फैसल साहेबांना ईमेल लिहिला. आरोप असा शब्द वापरला नाही, पण साकिबचं नाव घातलं आणि 'आकड्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका' असं लिहिलं. साहेबांनी ईमेल तसाच शाळेच्या मालकांना पाठवला आणि दुपारपर्यंत हारूनभाईंना घरी बसवलं. चौकशीत त्यांचं म्हणणं पटलं नाही तर तीन नोव्हेंबरच्या रविवारी त्यांचा इकामा रद्द करायला देणार आहेत. इकामा गेला की इथलं राहणं संपलं. बायको रुकय्या आणि मुलगी आफिया इथेच आहेत. आफिया बारावीला आहे, फेब्रुवारीत परीक्षा.

जाताना ते माझ्या टेबलाशी थांबले. मीटरच्या डबीची किल्ली ठेवली आणि गेले. अपराधी माणूस एवढा गप्प का राहील, असं एकदा वाटलं. मग वाटलं, अपराधीच गप्प राहतो. तूच सांग, मी बरोबर केलं ना?

तुझ्या उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून,
शलाका

*

नाशिक
२६ ऑक्टोबर २०२४

चि. शलाका हिस,
आशीर्वाद.

तुझं पत्र भिंगाखाली चारदा वाचलं. मुलीच्या परीक्षेचं तू आधी लिहिलं नव्हतंस. लिहिलं असतंस तरी मी तोच सल्ला दिला असता, हेही खरं.

पण एक गोष्ट विचारायची राहून गेली आणि मी धंदा केलेली बाई, मला ती पहिल्यांदा सुचायला हवी होती. ब्लाइंड टांगल्यानंतर त्या वर्गात तू स्वतः गेली आहेस का? पत्रात तू मला पट्ट्या, काच, किरण सगळं लिहिलंस. पट्ट्या प्रत्यक्षात कुठल्या बाजूला कललेल्या आहेत, ते नाही लिहिलंस. मी कधीही दुसऱ्याने घेतलेल्या मापावर कापड कापलं नाही. उठ आणि जाऊन बघ. चोर असेल तर पुरावा मिळेल.

घाईने आटोपते. तब्येत सांभाळ.

आत्या

*

महबूला
३० ऑक्टोबर २०२४

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

नव्हते गेले. संगणकाच्या पडद्यावर ती खोली इतक्या वेळा पाहिली होती, की गेल्यासारखीच वाटत होती. सोमवारी दहा वाजता गेले.

दार उघडलं आणि पुरावा समोर. पट्ट्या उलट्या! माझ्या हिशेबात पट्टीची बाहेरची कड खाली असते, म्हणजे ऊन अडतं. इथे बाहेरची कड वर होती आणि ऊन सरळ बाकांवर सांडलं होतं. खोटं सांगत नाही, मला आनंद झाला. पकडलं, असं मोठ्याने म्हणालेसुद्धा. फोटो काढले. मग काठी फिरवून पट्ट्या माझ्या हिशेबाप्रमाणे केल्या. ऊन अडलं, मीटरवर नऊशे ऐंशी आला. अगदी माझाच आकडा.

आणि त्या पट्ट्यांच्या फटींतून मला खाली शेजारच्या घराचं अंगण दिसलं. पूर्ण. एक म्हातारी बाई न्हाऊन, पांढरे केस मोकळे सोडून, उन्हात भाजी निवडत बसली होती. तिने वर पाहिलं. हातातली ताटली टाकून, दोन्ही हातांनी डोकं झाकत ती आत पळाली, आत्या. या वयात पळाली.

पाच मिनिटांत तिची नात शाळेच्या फाटकावर आली आणि मला खाली बोलावलं. हिबा तिचं नाव. इंग्रजीत मला म्हणाली, की ब्लाइंड लागले त्या दिवशीच आम्ही विनंती केली होती, खिडकीतून अंगण दिसतं. तुमच्या त्या वयस्कर गृहस्थांनी शब्द दिला आणि तेव्हापासून पाळला. मजूर आत असोत, नसोत, पट्ट्या कधी खाली झाल्या नाहीत. आज काय झालं, आणि ते कुठे आहेत? मी वर जाऊन पट्ट्या पुन्हा वर फिरवल्या.

तिथेच आठवलं. पहिल्या आठवड्यात हारूनभाई माझ्या टेबलाशी आले होते. शेजारच्या बायामाणसांचा प्रश्न आहे, पट्ट्या वर ठेवाव्या लागतील, हिशेबात तसं धरा, असं ते म्हणाले होते. माझं सिम्युलेशन चालू होतं. मी मान वर न करता हो हो म्हणाले. त्यांचा प्रत्येक आकडा खरा होता. माझाही खरा होता, पण इथे कोणीही कधीच ठेवणार नाही अशा खिडकीचा. शाळेच्या चारी बाजूंना घरं आहेत. आणि साकिब हारूनभाईंच्या मेहुणीचा मुलगा निघाला.

फैसल साहेब म्हणाले, चूक मोजणाऱ्याची ठेवली तर कंपनीचं नाव वाचतं. मी मालकांना माझ्या नावाने लिहून दिलं, की चूक माझी, मला आधी सांगितलेलं होतं. हारूनभाईंना परत बोलावलंय. मला शाळेच्या कामावरून काढलं नाही, पण बढतीचं आता कोणी बोलत नाही. ते ठीक आहे.

काल त्यांच्या घरी गेले. इथेच, दोन गल्ल्या सोडून राहतात. रुकय्याभाभींनी दार अर्धंच उघडलं. आत या म्हणाल्या नाहीत. हारूनभाई बाहेर आले, मी माफी मागितली, त्यांनी ऐकून घेतली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, की येतो कामावर, पण यापुढे दहाला, बाराला आणि दोनला तुम्ही स्वतः वर्गात यायचं. मीटर तुम्ही वाचायचा, मी लिहीन, आणि प्रत्येक आकड्याखाली तुमची सही घेईन. सहीशिवाय एकही आकडा लिहिणार नाही.

आज तीन सह्या केल्या. त्यांनी प्रत्येक वेळी सही माझ्या ओळखपत्राशी ताडून पाहिली. मला फार लाज वाटते.

माया कमी केलीस तरी समजून घेईन.

शलाका

*

नाशिक
२ नोव्हेंबर २०२४

श्री. हारूनभाई यांस,
स. न. वि. वि.

आपली ओळख नाही. शलाकाची मी आत्या. हे पत्र तिला पाठवते आहे, तिने ते न फोडता, म्हणजे फोटोच्या या काळात न वाचता, तुमच्या हाती द्यावं असं बजावलं आहे. तिने वाचलं असेल तर वाचू दे.

लेखी तक्रार कर, असं तिला मी लिहिलं. साहेबांना गेलेल्या ईमेलवर तिचं नाव असलं, तरी डोकं माझं होतं. तुम्हाला न पाहता, नाशिकला खुर्चीत बसून, शांत माणसाचा मला आधी संशय येतो असं मी लिहिलं. कारण एवढंच, की तुम्ही एका माणसाबरोबर चहा घेतलात. तुमच्या लेकीचं वर्ष त्यात गेलं असतं. मी तीस वर्षं लोकांच्या खिडक्या झाकल्या. खिडकीबाहेर कोण बसलंय हे पाहायचं तुम्हाला सुचलं, मला कधी सुचलं नाही.

माफ करा असं लिहीत नाही, कारण त्याचं उत्तर द्यायला तुम्ही बांधील व्हाल. आफियाला परीक्षेसाठी आशीर्वाद, तिला चालत असतील तर. रुकय्याबाईंनी दार अर्धं उघडलं ते योग्यच केलं.

एकच विनंती. काही दिवसांनी शलाका चांगली वागू लागेल, तुम्हाला तिची दया येईल आणि सहीचं राहू दे असं तुम्ही म्हणाल. म्हणू नका. शाळा पूर्ण होईपर्यंत रोज तिन्ही सह्या घ्या.

आपली,
सुमन दाबके