उलटा टी-शर्ट

प्रिय डेरेक,

सायप्रसमध्ये आया नापाला सुखरूप पोहोचलो. न्याहारीला घरच्यासारखेच बीन्स मिळतात, त्यामुळे परदेशात आल्याचा त्रास नाही. तुझा गुडघा कसा आहे?

नवरीच्या मैत्रिणींची ही लग्नाआधीची सहल जोरात चाललीय. सगळ्यांच्या टी-शर्टवर नवऱ्यामुलाचा चेहरा छापलाय. माझ्याही पोटावर क्रेग दिवसभर दात काढतो.

आज आपली शोना न्याहारीला टी-शर्ट उलटा घालून आली. पोरी खिदळल्या, "नवरीबाईंची रात्रीची उतरली नाही वाटतं!" मी हळूच म्हटलं, "बाळा, सरळ कर." ती म्हणाली, "मुद्दाम घातलाय, आई. त्याचं तोंड बघायला नको वाटतं."

काळजी करू नकोस, जेवते व्यवस्थित. फक्त लग्नातलं वधूपित्याचं भाषण तू पाठ करतोयस ना, ते जरा सावकाश कर.

तुझ्या हातच्या चहासाठी आसुसलेली,
मॉरीन