बँडेजवरच्या गाठी

दादा,

साथीच्या वॉर्डात झाडलोट करताना घालायचे सूट आले. गळ्याशी तुझा तो दुहेरी टाका दिसला, म्हणजे तुझ्याच कारखान्यातले. मी हरखले. घातला, तर पाय अडकून बादलीसकट आडवी झाले!

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय, माप घेतलं तरी कुणाचं? माझ्या पहिल्या फ्रॉकसाठी तू तीनदा टेप लावली होतीस. इथे झाडणाऱ्या आम्ही अकरा बायका. सूट बरोब्बर बसतो तो एकट्या मुकादमाला, आणि तो वॉर्डात पाऊलही टाकत नाही. ढगळ गळ्यातून साथ आत शिरेल म्हटलं, तर म्हणतो, "अंगावर आहे ना? मग झालं."

आज दुपारी बँडेजच्या पट्ट्यांनी एकमेकींची मापं घेतली. खांद्याला एक गाठ, उंचीला दुसरी. हसून हसून पुरेवाट झाली. आमच्यातली बारावी मात्र तापानं फणफणून याच वॉर्डात पडलीय. तिचं माप झोपल्या झोपल्याच घेतलं.

हे पत्र टाकणार नाही. तू वरच्यांशी भांडशील आणि नोकरी घालवून बसशील. उद्या मीच बारा पट्ट्या इथल्या मोठ्या साहेबांच्या टेबलावर ठेवते. बघू तरी, ते काय विचारतात!

तुझी धाकटी,
जिचं माप तुला तोंडपाठ होतं