मेलेल्यांच्या तबकातली मेणबत्ती

गावरिल,

सूप शेगडीवर आहे, गरम करून घे. तुझ्यासमोर बसून माझ्या घशाखाली घास उतरणार नाही, इतकी किळस आलीय तुझी.

लिविउ पुन्हा प्यायला लागला म्हणून सकाळी चर्चमध्ये तू त्याच्या नावाची मेणबत्ती जिवंतांचं तबक सोडून मेलेल्यांच्या तबकात लावलीस. पोटच्या जिवंत पोराची! बाप आहेस की कोण? मी ती सगळ्यांदेखत उचलून जिवंतांच्या तबकात लावली.

पाद्रीबाबा 'धीर धरा, पोरांना देवावर सोपवा' म्हणाले, तेव्हा मान मात्र डोलावत होतास. ढोंगी मेला! तू पिऊन गटारात लोळायचास, तेव्हा तुझी आई दर रविवारी तुझी मेणबत्ती जिवंतांच्यातच लावायची. विसरलास?

पोरगा माझ्या बहिणीकडे आहे. त्याला घेऊन येतेय. तीन ताटं मांडून ठेव.

साफ्ता