बोट थांबवणारा पंखा

४ फेब्रुवारी

"बोट बायकोने ठोकली." — आज परत! वेल्डिंगवाला शिडी लावायला आला, तर त्यालाही तेच. नवरा हसत हसत सांगतो, जसं काय मी दूध उतू घालवलं.

मी लिव्हर वेळेवर ओढली होती. वेळेवर! आमचं नेहमीचंच ठरलेलं — हा पुढे दोर घेऊन उभा, मी मागे सुकाणूवर. दोर फेकायला ताकद लागते म्हणून तो पुढे. म्हणजे धक्क्याला बोट लावायची मी, आणि लागली नीट तर नाव त्याचं. त्या दिवशी धक्का जवळ आला, मी रिव्हर्स टाकला. बोट नुसती थरथरली. थांबली नाही. पुढून धडकली, मग मागची बाजू फिरून दगडावर गेली आणि खालचा पंखा मोडला. प्रोपेलर म्हणतात. मी पंखाच म्हणते.

आत आमची पोर, ठकू, झोपली होती. फळीवरून खाली आपटली. भुवईवर टाके पडले. हे मात्र तो कुणाला सांगत नाही.

५ फेब्रुवारी

बोट दुरुस्तीच्या यार्डात, जमिनीवर टेकू लावून उभी. आम्ही आतच राहतो, घर तर केव्हाच सोडलं. पाणी भरायचं तर खाली, संडासला जायचं तर यार्डाच्या टोकाला. ठकूला पाठीशी बांधून शिडी चढते-उतरते. ती नुकती चालायला लागलीय. तिला कमरेला पट्टा बांधून ठेवते, शेळीसारखी. खाली पाणी नाही तरी मला बोट हलल्यासारखी वाटते. तवा धरूनच उभी राहते.

६ फेब्रुवारी

आज हा चहाला गेला तेव्हा मी बोटीखाली जाऊन पंखा बघितला. जवळून कधी बघितलाच नव्हता.

आमचा दुमडणारा आहे. दोन पाती. शिडावर चालताना ती मिटतात, म्हणजे पाण्यात ओढ लागत नाही आणि बोट पळते. इंजिन लावलं की उघडतात — उघडली तर! एक पातं मोडलेलं. दुसरं अख्खं, पण मिटलेलंच. सांध्यात शिंपले बसलेत गच्च. हाताने जोर लावला, हललं नाही. म्हणजे मी रिव्हर्स टाकला तेव्हा एकच पातं उघडलं होतं. एका पात्याने एवढी बोट कशी थांबणार? नुसती थरथरणारच!

महिनाभर सांगत होता, पाण्यात बुडी मारून पंखा घासतो, घासतो.

हा आल्यावर दाखवलं. म्हणाला, "तुला काय कळतंय त्यातलं."

७ फेब्रुवारी

सांधा आज घासून लख्ख. पातं टकाटक उघडतंय. केव्हा घासला? मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

९ फेब्रुवारी

नवा पंखा घ्यायचा. याचं सगळ्यांना विचारून झालं. शेजारच्या बोटीवरच्या टोपीवाल्या काकांना विचारलं, ते जगभर फिरून आलेत. फोनवर अनोळखी माणसांना विचारलं. त्याच्या आईलासुद्धा सांगितलं! सासूबाई मला म्हणाल्या, "त्याला समजतं गं सगळं. तू आपली पोरीकडे बघ."

सुकाणूवर कोण असतं, हे एकानेही विचारलं नाही.

काका म्हणाले, "लहान पोर आहे बोटीवर, सरळ तीन पात्यांचा घे, न दुमडणारा. थोडी संथ होईल, पण म्हणशील तिथे उभी राहील."

हा म्हणाला, "मला मोठ्या पाण्यात, थेट समुद्रापार जायचंय काका. संथ बोट घेऊन काय करू? दुमडणाराच घेणार."

मी भांडी घासत होते. मध्येच बोलले, "मला तीन पात्यांचा बरा वाटतो."

दोघं हसले. हा म्हणाला, "हिला रंग कुठला पाहिजे तेही विचारा!"

काका आधी हसले, मग वळून माझ्याकडे बघू लागले.

११ फेब्रुवारी

आज फिरकी बघितली. पंखे म्हणे उजव्या हाताचे असतात आणि डाव्या हाताचे असतात, इंजिनाचा दांडा कुठल्या बाजूला फिरतो त्यावर. मला म्हणाला, इंजिन जरा चालू कर. स्वतः आत खाली बसला, इंजिनाच्या पुढे, टॉर्च घेऊन. "डाव्या हाताचा!" — एकदम खूश. लगेच दुकानदाराला कळवून टाकलं. दोन पात्यांचा, दुमडणारा, डाव्या हाताचा.

ठकूने आज रंगाचा ब्रश तोंडात घातला. मेलेच होते मी. कोरडा होता म्हणून बरं.

१२ फेब्रुवारी

मी काय करून बसले!

हा त्याचा फोन इथेच चार्जिंगला लावून पॉलिश पेपर आणायला गेलेला. दुकानदाराचा फोन आला. उचलला.

"साहेब आहेत का?"

"बाहेर गेलेत. बोला."

"ताई, एक शंका होती. साहेबांनी डाव्या हाताचा लिहिलाय. असे फार थोड्या बोटींना असतात. जरा बघून सांगता?"

"आता काय बघू? जुना काढून टाकलाय."

"बरं, धक्क्याला लावताना सुकाणूवर कोण असतं?"

"मी."

"मग झालं तर! रिव्हर्स टाकला की बोटीची मागची बाजू कुठे सरकते?"

"डावीकडे. दर वेळी. म्हणून तर डावं अंगच धक्क्याला लावते मी, आपोआप जवळ जाते."

"मग हा उजव्या हाताचा, ताई. साहेबांनी पुढून बघितलं वाटतं. बोटीच्या मागे उभं राहून बघायचं असतं. डाव्या हाताचा बसवला असता तर पुढे टाकल्यावर बोट मागे गेली असती!"

तो हसला. मीही हसले. किती दिवसांनी हसले देव जाणे.

मग म्हणाला, "बाकी तेच ना? दोन पात्यांचा, दुमडणारा?"

ठकू पट्टा ताणून माझ्याकडे यायला बघत होती. टाके काढलेत, पण भुवई तिथे अजून लाल आहे. माझ्या तोंडातून गेलं, "नाही. तीन पात्यांचा. न दुमडणारा. बसेल ना?"

"बसेल की, मापं आहेत माझ्याकडे. पण साहेब तर —"

"साहेबांनीच सांगितलंय."

फोन ठेवला. ठकूला घट्ट धरून बसले, तर ती रडायला लागली.

१३ फेब्रुवारी

सांगावं का? नको.

१५ फेब्रुवारी

यार्डात गाडी शिरली की वाटतं, पंखाच आला. आज पाण्याचा टँकर आला तर मी शिडीवरच थांबले.

हा नकाशा पसरून बसला होता. सगळा निळा कागद. बोट ठेवून दाखवतो, "इथून निघायचं, इथे पोचायचं." मधे काहीच नाही. ठिपकासुद्धा नाही.

"ठकूला ताप आला तर?"

"औषधं आहेत."

"आपटली, परत टाके पडले तर?"

"आधीच नाट लावू नकोस. लोक न्हेतात पोरांना."

लोक म्हणजे कोण? एकाचं तरी तोंड दाखव म्हणावं.

१६ फेब्रुवारी

नाही आला.

१८ फेब्रुवारी

आला!

खोका त्याने टेबलावर घेतला, सुरीने उघडला. वरचा कागद काढला आणि नुसता बघत राहिला. तीन पाती, पिवळीधमक, पातेल्याएवढी. मानेवरून लाली कानापर्यंत चढली. मी ठकूला पाठीमागे घेतलं. का घेतलं माहीत नाही. हात उगारलेला नाही त्याने कधी.

तेवढ्यात खालून काका. गाडीचा आवाज ऐकून शिडी चढून डोकावले. "वा वा! तीन पात्यांचा! ऐकलंस म्हणायचं माझं. अरे, आणि हात तपासलास ना? मी पहिल्यांदा पुढून बघून उलटाच मागवला होता, यार्डभर हसले माझ्यावर."

याने पंखा फिरवून बघितला. मधल्या गोलावर ठोकलेलं उजव्या हाताचं अक्षर बघितलं. समजलं त्याला. मला दिसलं समजलेलं.

काकांना म्हणाला, "तर! सगळा विचार करून घेतलाय."

काका गेले. मग हळू आवाजात, "दुकानदाराशी कोण बोललं?"

"मी."

"वाट लावलीस. शिडावर बैलगाडी होणार आता."

"थांबेल तर खरी!"

मला वाटलं ओरडेल. ओरडला नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, अगदी शांतपणे, ठकूला समजावतो तसं, "अगं वेडे, मोठ्या पाण्यात थांबायचंच कुठे असतं?"

१९ फेब्रुवारी

त्याचं ते वाक्य डोक्यातून जात नाही. भाकरी करपली.

खरंच आहे ना. धक्काच नाही तिथे. मी कुठे रिव्हर्स टाकणार? मी त्या पंख्यासाठी एवढं खोटं बोलले, एवढी घाबरले, आणि तो फक्त शेवटच्या हातभर पाण्यात उपयोगाचा.

२१ फेब्रुवारी

पंखा बसवला. सगळ्यांना बोलावून दाखवतोय. वेल्डिंगवाल्याला म्हणाला, "बायको ठोकते म्हणून ब्रेक बसवला चांगला." तोही हसला. मीही चहा दिला सगळ्यांना. साखर घातली नाही. कुणी काही बोललं नाही!

२३ फेब्रुवारी

उद्या बोट पाण्यात. एकदा फिरवून बघायची, आणि हवा बरी असली तर आठवड्याने निघायचं. ठकूचे कपडे डब्यात भरून ठेवले. भरताना वाटलं, एवढेसे कपडे.

२४ फेब्रुवारी

माझ्या दादाच्या घरी आहे. वहिनीने ठकूला आंघोळ घातली, ती सतरंजीवर मोकळी फिरतेय, बिनपट्ट्याची.

सकाळी बोट फिरवून परत आणली. धक्का आला, मी रिव्हर्स टाकला. थांबली! मागची बाजू डावीकडे सरकून अलगद टेकली, याने दोर फेकायच्या आधीच. पुढून ओरडला, "जमलं की गं तुला!"

मी इंजिन बंद केलं. ठकूला कडेवर घेतलं, तो कपड्यांचा डबा उचलला आणि धक्क्यावर पाय टाकला. त्याला वाटलं, मी दोर बांधायला उतरले.