बैल सावधान उभा राहत नाही

सोमवार, ४ ऑगस्ट २०२५. सकाळचे ६.४०.
विठ्ठलराव मिस्त्रींच्या पडवीत पटाशीला धार लावत होतो. रस्त्यावर मोटारसायकलचा सायलेन्सर फुटला — आणि मी लाकडांच्या ढिगामागे! कसा गेलो, आठवत नाही. पटाशी हातातच. तळव्याला चीर, दीड इंच.
मिस्त्री आत चहा घेत होते. त्यांनी पाहिले नसावे. नसू दे!
फौजेतून घरी येऊन पाच महिने झाले. सरावात गोळा जवळ फुटला, डावा कान गेला, मेडिकल बोर्डाने घरी पाठवले. कागदावर कान लिहिला आहे. भीती कुठेच लिहिलेली नाही.

बुधवार, ६ ऑगस्ट.
बाबा आर्णीहून बातमी घेऊन आले. यवतमाळला रोकड नेणाऱ्या गाडीवर बंदूकवाला गार्ड पाहिजे. "एक कान चालते म्हनते! फौजीच पाह्यजे त्याहिले. पोळा झाला का सोमवारी जॉईन." त्यांचा चेहरा इतका फुलला होता की मी हो म्हटले. हो म्हणताना उजवा हात मांडीखाली दाबून धरला होता.
२५ ऑगस्ट. एकोणीस दिवस.
बंदूक हातात घ्यावी लागेल. रोज.

रविवार, १० ऑगस्ट.
तान्ह्या पोळ्याला लेकरं ओढतात ते लाकडी बैल करतो आहोत. मिस्त्रींचे पंधरा, माझे नऊ. माझे सहा झाले, म्हणून ओळीत मांडून दाखवले. मिस्त्री बघत राहिले, मग हसता हसता खोकला लागला.
"अबे रवी, हे बैल आहे का पलटन? सारेच सावधान! आता सॅल्यूट मारतीन का?"
खरेच की! साही माना ताठ. पाय सरळ. ओळसुद्धा उंचीप्रमाणे. मला दिसलेच नव्हते.
"गोठ्यात जाऊन बस. बैल कसा उभा राह्यते ते पाह्य. घाई नोको करू."

सोमवार, ११ ऑगस्ट.
शेजारच्या सुखीबाईंच्या गोठ्यात अडीच तास. त्या म्हणाल्या, "काहून रे फौजी, बैल घ्याले आला का सोयरीक जमवाले?"
लिहून ठेवतो: बैल मागचा एक पाय सैल सोडतो. भार तीन पायांवर. एक कान पुढे, एक मागे. मान थोडी उतरलेली.
अडीच तासांत मी एकदाही दाराकडे पाहिले नाही. आत्ता लिहिताना लक्षात आले.

शुक्रवार, १५ ऑगस्ट.
शाळेच्या झेंडावंदनाला बाबांनी माझे नाव दिले होते. ताप आहे म्हणालो. खोटे. तिथे फटाके फोडतात.
दिवसभर सातवा बैल कोरला. पाय सैल जमला! लाकडावर हात थरथरत नाही. हे कोणाला सांगू?

रविवार, १७ ऑगस्ट.
गार्डचा युनिफॉर्म शिवून आला. बाबांनी भिंतीवर टांगला. पहाटे जाग आली तर वाटले, कोणी उभे आहे.
दाराच्या कडीला चिंधी गुंडाळलेली दिसली. म्हणून दार वाजत नाही. चिंधी मळलेली, जुनी. माय म्हणते, "मी नाई बांधली."
आठ दिवस.

गुरुवार, २१ ऑगस्ट.
आज खांदशेकणी. सुखीबाईंच्या बैलांचे खांदे तूप-हळदीने शेकले. बैलांना पोळ्याचे आमंत्रण दिले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." वाटीत थोडे उरले. मिस्त्रींनी ते माझ्या उजव्या खांद्याला, बंदुकीच्या खांद्याला, चोळले.
"यानंबी लय ओढलं," म्हणाले.
म्हणजे त्या दिवशी मला ढिगामागे पाहिले होते?

शनिवार, २३ ऑगस्ट.
झाले. ज्याची भीती होती तेच झाले.
तान्हा पोळा. लेकरं बैल घेऊन तोरणाखाली उभी. माझा सातवा सगळ्यांना आवडला. बाबा सांगत होते, "माह्या पोरानं केला तो." तेवढ्यात कोणीतरी सुतळी बॉम्ब लावला. मी चिखलात पालथा. दोन्ही हात डोक्यावर. साऱ्या गावासमोर.
"अरे, फौजी पडला!" कोणीतरी हसले.
उठता येईना. जवळ पाय दिसले — बाबांचे. नवे धोतर. ते खाली बसले, चिखलातच, माझ्या बाजूला. हात पाठीवर होता. मग म्हणाले, "बाजा थांबवा रे जराक."


सोमवार, २५ ऑगस्ट. सायंकाळी ७.१५.
सकाळी उठलो तर भिंतीवर युनिफॉर्म नाही. बाबाही नाहीत. पहिल्या एसटीने यवतमाळला गेलेले. आत्ता आले. युनिफॉर्म परत केला, नाही म्हणून सांगितले.
"मले मार्चपासून ठाऊक होतं. कडीले चिंधी मीच बांधली. दार वाजलं का तू खाटेखाली जात होता."
मग नोकरी कायले पाहिली, विचारले.
"घरी बसला म्हणून लोक तुले हसतीन, याचंच भेव होतं. अन् तूच तर हो म्हटलं!"
पिशवीतून कागदाची गुंडाळी काढली. तीन पटाश्या, नव्या.

युनिफॉर्मची शिलाई: ९०० — बुडाले.
पटाश्या तीन: ७४० — बाबांना द्यायचे.
"लिहू नोको," म्हणाले. लिहिले.