टी म्हणजे तिथी

११ नोव्हेंबर

आज दातिवऱ्याच्या शाळेत, भर वर्गात मोनालीवर ओरडलो, तिथेच सगळं बिघडलं. "अक्कल गहाण ठेवलीय का?" — पोरांसमोर. हे मी तिला म्हणालो. मी!

ती नववीला गणित शिकवते. साइनचा आलेख खाडीच्या पाण्यावरून दाखवायचा होता तिला. म्हणून संस्थेने शाळेला दिलेल्या ग्राफिंग कॅल्क्युलेटरवर मी भरतीचा प्रोग्राम लिहिला. तिच्यासाठीच. पोरं खूश झाली की मनातलं बोलायचं, असं ठरवून गेलो होतो.

स्क्रीनवर आलं — T=? तिने पाच टाकले. भरती दुपारी बाराला आली.

हंसा नावाची पोरगी बोलली, "सर, पंचमीला बाराला कुठं पाणी? चारला येतं. पावने काय चिखलातून येतील?" सगळी पोरं खिदळली. मोनालीसुद्धा. मला हसतायत म्हणून माझं डोकं फिरलं. "तारीख टाकायची! पंचमी कोणी विचारली?"

मोनाली एवढंच म्हणाली, "टी म्हणजे तारीख, हे लिहिलंयस कुठे?"

कॅल्क्युलेटर उचलला आणि दार आपटून निघालो.

१२ नोव्हेंबर

कॉलेजही असंच सुटलं. तोंडी परीक्षेला सर हसले, मी दार आपटलं. दुसरं वर्ष अर्धवट. आई म्हणते, "तुला दारं पुरायची नाय." काल घरी बोईसरला आल्यापासून जेवण जात नाही.

१३ नोव्हेंबर

कॅल्क्युलेटरच्या भाषेत चलाला, म्हणजे व्हेरिएबलला, एकच अक्षर मिळतं. पण विचारताना अख्खा शब्द दाखवता येतो, एका ओळीचं काम. मी आळस केला. दातिवऱ्यात टी वाचून तारीख कोण म्हणणार? पाणी तिथीवर चालतं तिथे. पाच तारखेला पौर्णिमा होती, म्हणून बारा आले; पंचमीचे चारच.

बदललं. TITHI? तारखेचा सगळा हिशोबच काढून टाकला, प्रोग्राम निम्मा झाला. पाच टाकले. भरती चारला.

लाज वाटते. मेसेज तीनदा लिहिला, पाठवला नाही. ओरडलो पोरांसमोर, माफी पण तिथेच.

१५ नोव्हेंबर

वर्गात, पोरांसमोर माफी मागितली. मोनालीने पाच टाकले, आलेख वर चढताना बघत राहिली. "हंसा, बघ गं, आता ह्यो पण चारच बोलतो."

मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "येत्या पंचमीला माझा साखरपुडा हाय, हितेश. पावने अर्नाळ्यावरून होडीने येणार. तू पण ये."

पावने. त्या दिवशी पोरं तिच्या साखरपुड्याच्या पाहुण्यांवरून हसली होती; मला कोणी हसलंच नव्हतं.

"येईन," म्हटलं. कॅल्क्युलेटर तिच्या टेबलावर ठेवला. बाहेर आलो आणि दार हळू ओढून घेतलं.