ऑडिओ वगळला

२२ मे, सकाळी ९
काल साल्तो शहरातून मिकाएलाचा फोन. "बाबा, तुम्ही नुसते बोलता. माझं कधी ऐकता का?" म्हणाली आणि ठेवूनच दिला. सख्खी मुलगी, आणि पुराव्याशिवाय आरोप! ठीक आहे. आमचं दोघांचं सहा वर्षांचं चॅट फोनमधून कॉम्प्युटरवर उतरवलंय. पर्ल भाषेत छोटा प्रोग्राम लिहितोय. तारीख दिसली की split मारायचा, म्हणजे तिथे तुकडा पाडायचा, मेसेज सुटे करायचे, कोणाचे किती ते मोजायचं. निम्मे निम्मे निघणार. निकाल तिला पाठवेन. माफी मागेल. लगेच माफ करायचं नाही, दोन दिवस थांबायचं.
उतरवताना ऑडिओ-फोटोंच्या जागी नुसत्या "ऑडिओ वगळला", "फोटो वगळला" असल्या ओळी येतात, त्या आधीच गाळल्या. शब्द नाहीत तो मेसेज कसला?

२३ मे
मी ४११२. ती ९६.
रेग्युलर एक्सप्रेशन, म्हणजे तारीख ओळखायचा साचा, चुकलंय, दुसरं काय!

२४ मे
तिचे मेसेज चार-चार ओळींचे, माझ्या मेसेजना चिकटत असणार. साचा बदलला. मी ४११५. ती ९६. वाढले तेही माझेच. कमाल आहे.

२५ मे
वरच्या मजल्यावरच्या डोन्या इर्माने जिन्यात अडवलं. split म्हणजे काय ते तिला अर्धा तास समजावलं. म्हणाली, "अरे एदिसन, एवढं कापत बसण्यापेक्षा पोरीला फोन लाव की!" या बाईला तंत्रज्ञानातलं काही कळत नाही.

२७ मे, दुपारी ४
मिकाएलाचा ऑडिओ आला. सत्तेचाळीस सेकंदांचा. ऐन कामात! "लिहून पाठव" असं कळवलं. उत्तर नाही. रुसली असेल.

२८ मे
सापडलं! शेवटचे रिकामे तुकडे split गुपचूप टाकून देतो. तीस वर्षं लायब्ररीच्या नोकरीत याच split ने कॅटलॉगच्या नोंदी कापल्या आणि हे विसरलो. तिचे मेसेज तिथेच गेले असणार. split च्या शेवटी उणे एक जोडलं, म्हणजे तो काहीच टाकत नाही. एक तुकडा वाढला. रिकामा.

२९ मे, दुपारी १२.३०
एकोणतीस तारीख, म्हणजे इथे दर महिन्याला घरोघरी न्योकी, बटाट्याचे छोटे उकडलेले उंडे. लक्ष लागावं म्हणून फोन मुका करून कपाटात ठेवला. डोन्या इर्माने विचारलं, मिकाएला येणार का? म्हटलं, यायची असती तर लिहिलं असतं. बटाटे अंदाजाने उकडले, न्योकी दोघांपुरत्या झाल्या. एकट्याने खाल्ल्या. गेल्या महिन्यातही तसंच. दुसरी ताटली का मांडली कोण जाणे. संध्याकाळी उचलेन.

३० मे, सकाळी १०
कपाटातून फोन काढून चॅट ताजं उतरवलं. सहज म्हणून गाळणी काढून चालवलं. मी ४११९. ती ९६, आणि तिचे ऑडिओ १३४०.
फोनवर तिचे ऑडिओ बघितले. बहुतेकांवर न ऐकल्याची खूण तशीच. खाली माझंच उत्तर, लिहून पाठव. पुन्हा लिहून पाठव.

१०.२०
सत्तावीसचा ऐकला. "बाबा, हातात पिशव्या आहेत, लिहिता येत नाही. तेव्हाचं भांडण सोडा. एकोणतीसला बाराच्या बसने उतरतेय, तुमच्या हातच्या न्योकी खायच्यात. टर्मिनलवर या हं. या वेळी तुम्ही हवं तेवढं बोला, मी बसते ऐकत."
काल एक वाजून दहा मिनिटांनी आणखी एक आलाय. चार सेकंदांचा. मागे बसचा भोंगा. "जाऊ दे."
टर्मिनल इथून चालत वीस मिनिटं.

३१ मे, सकाळी ११
फोन तीनदा लावला, उचलत नाही. लिहायला बसलो, जमेना. मग ऑडिओच पाठवला, अकरा मिनिटांचा. आयुष्यातला पहिला. मध्ये रडायला आलं, तेही गेलं त्यात.
तासाभराने उत्तर आलं.
"बाबा, लिहून पाठवा."
तिचे सत्त्याण्णव झाले.